वजाबाकीचा कॅमेरा

ऑगस्ट २००३मध्ये कॅननने ‘ईओएस ३००डी’ नावाचा एक चंदेरी कॅमेरा जाहीर केला. अमेरिकेत नुसत्या बॉडीची किंमत ८९९ डॉलर, सोबत १८-५५ची लेन्स घेतली तर ९९९. आज या आकड्यांचं कुणाला काही वाटणार नाही. पण आधीची चढण पाहिली, तर तेव्हा दुकानांपुढे गर्दी का झाली असेल ते कळतं. १९९१ साली कोडॅकने निकॉनच्या एफ३ या फिल्म कॅमेऱ्यावर डिजिटल सरंजाम चढवून पहिला विक्रीयोग्य डिजिटल एसएलआर काढला, तेव्हा त्याची किंमत वीस हजार डॉलरच्या घरात होती. फोटो साठवायची पेटी वेगळी, ती खांद्याला अडकवून हिंडायचं, आणि एवढं करून हाती लागायचं १.३ मेगापिक्सेलचं चित्र. १९९९चा निकॉन डी१ पाच हजार डॉलरच्या आसपास गेला, २०००चा कॅनन डी३० तीन हजारांच्या. हजाराची पायरी उतरणारा पहिला डीएसएलआर म्हणजे हा ३००डी.

किंमत उतरली कशी, हा प्रश्न आजही कॅमेरा घेणाऱ्याने विचारण्याजोगा आहे. कारण ३००डीच्या पोटातला ६.३ मेगापिक्सेलचा सेन्सर त्याच वर्षी आलेल्या १०डीच्या घराण्यातला होता, आणि १०डी दीड हजार डॉलरला होता. चित्राचा दर्जा जवळजवळ तोच. मग सहाशे डॉलर वाचले कुठे? धातूची बॉडी गेली, प्लास्टिकची आली. व्ह्यूफाइंडरमधला काचेचा भरीव लोलक गेला, त्याजागी आरसे बसवले. आणि काही सोयी तर यंत्रात असूनही सॉफ्टवेअरने कुलूपबंद केल्या. हे कुलूप इतकं उघड होतं, की काही हौशी मंडळींनी कॅमेऱ्याचं फर्मवेअर बदलून आत दडवलेल्या सोयी बाहेर काढल्या.

तेव्हापासून आजपर्यंत ‘एंट्री लेव्हल’ या शब्दाचा व्यवहारातला अर्थ तोच राहिला आहे. महागड्या भावंडातून काही गोष्टी वजा केल्या, की स्वस्त कॅमेरा तयार होतो. खोक्यावर मात्र छापलेलं असतं ते उरलेलं: २४ मेगापिक्सेल, फुल एचडी, वाय-फाय. वजा काय झालं ते कुणी छापत नाही. कमी पैशांत कॅमेरा घेणाऱ्याचा खरा अभ्यास या न छापलेल्या यादीचा असतो.

सगळ्यात आधी, जे सहसा वजा होत नाही त्याबद्दल. सेन्सर. एंट्री लेव्हल डीएसएलआरमध्ये जो एपीएस-सी आकाराचा सेन्सर असतो, तो निकॉनमध्ये साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा आणि कॅननमध्ये किंचित लहान, २२.३ बाय १४.९ मिलिमीटरचा. म्हणजे पोस्टाच्या छोट्या तिकिटाएवढा. साध्या फोनातला सेन्सर बऱ्याचदा तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढा असतो. दोघांवरही ‘२४ मेगापिक्सेल’ लिहिता येतं, पण क्षेत्रफळात दहा-पंधरा पटींचा फरक राहतो, आणि अंधारात गोळा होणारा प्रकाश क्षेत्रफळावर ठरतो. फोन हा फरक गणिताने भरून काढतो, दिवसाउजेडी तर बेमालूम भरून काढतो. संध्याकाळी देवळाच्या गाभाऱ्यात तो उघडा पडतो.

मेगापिक्सेलची चिंता मात्र सोडून द्यावी. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० गुणिले ४००० ठिपके. इंचाला ३०० ठिपके या उत्तम छपाईच्या हिशेबाने त्यातून वीस बाय तेरा इंचांचा फोटो निघतो. घरात एवढा फोटो लागतो तो आजोबांचाच, आणि तोही एकदा. सन २००३च्या सहा मेगापिक्सेलमधूनसुद्धा दहा बाय सात इंचांचा फोटो निघत होता. तेव्हा १८ की २४ या वादात पाच हजार रुपये घालवायचे असतील, तर त्याआधी पुढची वजाबाकी नीट वाचावी.

कॅननच्या २०१८मधल्या दोन कॅमेऱ्यांत ती अगदी स्वच्छ दिसते. ‘१५००डी’ आणि त्याचा धाकटा ‘३०००डी’. धाकट्यात सेन्सर जुना, १८ मेगापिक्सेलचा. ते एक वेळ चालेल. लेन्स जिथे बसते ते कडं धातूऐवजी प्लास्टिकचं. तेही, वर्षातून चार वेळा लेन्स बदलणाऱ्याला चालेल. चालू-बंदचं स्वतंत्र बटण नाही, मोडच्या चकतीवरच ‘ऑफ’ची खूण. मागचा पडदा लहान आणि भरड. आणि मग येते ती खरी वजाबाकी: व्ह्यूफाइंडरशेजारचं डायॉप्टरचं चाक गायब. हे चाक फिरवून चष्मा लावणारा माणूस आपल्या नंबरानुसार आतलं चित्र स्पष्ट करून घेतो. ते नसलं, की चष्म्यासकट डोळा लावायचा. चष्म्याची काच आडवी येते, चौकटीचे कोपरे दिसत नाहीत, आणि फोकस बरोबर आहे की आपलाच डोळा धूसर आहे हे कळत नाही. चष्मा न लावणाऱ्याला ही वजाबाकी जाणवणारही नाही. चष्मेवाल्याने मात्र हा कॅमेरा भेट म्हणून मिळाला, तरच वापरावा.

व्ह्यूफाइंडरचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. स्वस्त डीएसएलआरमध्ये डोळ्याला दिसतं ते प्रत्यक्ष फोटोच्या सुमारे ९५ टक्के. उरलेले पाच टक्के कडेकडेने गुपचूप येतात. नववधूचा सुंदर फोटो काढावा आणि घरी आल्यावर दिसावं, की उजव्या कडेला केटररचं अर्धं कोपर आलं आहे, हा अनुभव नवख्यांना हमखास येतो. त्यात कॅमेरा बिघडलेला नसतो, फक्त आरशांचं काम आरशांनी केलेलं असतं. कडेला थोडी मोकळी जागा सोडून फोटो काढायचा आणि नंतर कापायचा, हा त्यावरचा फुकटचा उपाय.

निकॉनची गोष्ट आणखी मजेदार आहे, कारण तिथे वजाबाकी झाली ती दिसेल अशा जागी. नोव्हेंबर २००६मध्ये आलेल्या डी४०मधून निकॉनने फोकसची मोटरच काढून टाकली. त्याआधी बॉडीतली मोटर कड्यातून डोकावणाऱ्या स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकासारख्या खिळ्याने लेन्स फिरवायची. डी४० आणि त्याच्या मागून आलेल्या ३००० आणि ५००० मालिकांमध्ये तो खिळा नाही, लेन्समध्येच मोटर असावी लागते.

आता हे प्रत्यक्षात कसं घडतं ते पाहावं. कॉलेजातल्या एका मुलाकडे निकॉन डी३३०० आहे. ‘पन्नासची लेन्स घे, बघ काय फोटो येतात’ असं कुणीतरी सांगितलेलं असतं. तो सेकंडहँड बाजारात चौकशी करतो, तर ५० मिलिमीटर, एफ/१.८च्या दोन लेन्स निघतात. एकीच्या नावात ‘डी’, दुसरीच्या नावात ‘जी’. डीवाली बरीच स्वस्त. तो खूश होऊन तीच घेतो. घरी येऊन लावतो, बटण अर्धं दाबतो. शांतता. पुन्हा दाबतो. लेन्स हूं की चूं करत नाही. बिघडलेली दिली, असं म्हणून तो दुकानाच्या दिशेने निघतो. लेन्स ठणठणीत असते. तिला फिरवणारा खिळा त्याच्या कॅमेऱ्यात कधी बसवलेलाच नसतो. हाताने कडं फिरवून फोकस करता येतो, जमला की व्ह्यूफाइंडरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक बारीक ठिपका उजळतो. स्थिर वस्तूला ते पुरतं. धावणाऱ्या भाच्याला पुरत नाही. अशा बॉडीला ‘एएफ-एस’ लिहिलेली लेन्स घ्यावी, किंवा निकॉनची ३५ मिलिमीटरची एफ/१.८ ‘डीएक्स’ घ्यावी. ती २००९मध्ये नेमकी या कॅमेऱ्यांसाठीच आली.

आजोबांच्या कपाटातली जुनी निकॉन लेन्स याच बॉडीवर बसते, कारण निकॉनचा हा माउंट १९५९पासून तोच आहे. फक्त कॅमेरा अशा लेन्ससमोर प्रकाश मोजायला नकार देतो. एक फोटो काढून पडद्यावर पाहायचा, अंधारा आला तर वेळ वाढवायची. हौसेला मोल नसतं, आणि इथे तर खर्चही नसतो.

पुढच्या वजाबाक्या झटपट सांगून होतील. निकॉन डी३३००ला बाहेरचा माइक जोडायचं भोक होतं, डी३४००मध्ये ते बुजलं, आणि सेन्सरवरची धूळ झटकणारी सोयही गेली. २०१८च्या डी३५००लाही माइक नाही, कॅननच्या १५००डीलाही नाही. २०१९च्या कॅनन २००डी मार्क टूला आहे. त्यामुळे कीर्तनाचं किंवा रेसिपीचं चित्रीकरण करायचं असेल, तर निवड तिथेच संपते. मात्र याच २००डी मार्क टूच्या माथ्यावर जिथे फ्लॅश बसतो तिथला मधला संपर्कबिंदू कॅननने काढला आहे. त्यामुळे दुसऱ्या कंपन्यांचे साधे, स्वस्त फ्लॅश त्यावर पेटत नाहीत. लग्नाच्या ऑर्डरी घेऊ पाहणाऱ्याने आधी हे तपासावं.

आता लेन्स. कॅमेऱ्याबरोबर जी १८-५५ची ‘किट लेन्स’ येते, तिची निंदा करायची फॅशन आहे, आणि ती निम्मी अन्यायाची आहे. दिवसा, ट्रेकला, घरच्या अंगणात ती चोख काम देते. तिच्यातली वजाबाकी प्रकाशाची आहे. १८ला ती एफ/३.५पर्यंत उघडते, ५५ला फक्त एफ/५.६पर्यंत.

पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या मोसमात एकांकिकांच्या तालमींना ऊत येतो. समजा, रंगीत तालमीत एका मुलावर फोटो काढायची जबाबदारी आहे. रंगमंचावर एकच पिवळा स्पॉट, बाकी अंधार. किट लेन्स ५५ला लावून, आयएसओ १६०० ठेवून तो पाहतो, तर कॅमेरा सेकंदाचा पंधरावा भाग मागतो. तेवढ्या वेळात नट मान वळवतो, हात उगारतो, आणि फोटोत चेहऱ्याऐवजी धुराचा लोट येतो. लेन्समधलं स्थिरीकरण इथे कामाचं नाही. ते फोटो काढणाऱ्याचा हात सावरतं, नटाची मान धरून ठेवत नाही. त्याच जागी, त्याच प्रकाशात ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स लावली, की सुमारे पावणेदहा पट प्रकाश आत येतो. पंधराव्या भागाचा दीडशेवा होतो, आणि उगारलेल्या हाताची बोटं मोजता येतात. कॅननची २०१५मध्ये आलेली ५० मिलिमीटर एसटीएम ही अशी लेन्स आहे. वजन १६० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एखाद्या मध्यम कांद्याएवढं, आणि कंपनीच्या सर्वांत स्वस्त लेन्सांपैकी एक.

म्हणून बजेट चाळीस हजारांचं असेल, तर चाळीस हजारांची बॉडी घेणं हा सगळ्यात वाईट सौदा. एक पायरी खालची किंवा वापरलेली बॉडी आणि वाचलेल्या पैशांत एक मोठ्या तोंडाची लेन्स, हा हिशेब बहुतेकांना लाभतो. बॉडी पाच वर्षांत जुनी होते. चांगली लेन्स दुसऱ्या-तिसऱ्या बॉडीलाही पुरते.

लेन्स घेताना नावातली अक्षरं पावतीसारखी वाचावीत. कॅननच्या १८-५५मध्ये ‘आयएस’ असलेली आणि नसलेली, अशा दोन्ही लेन्स किटमध्ये दिल्या गेल्या आहेत. निकॉनच्या ‘एएफ-पी’ ७०-३००मध्ये ‘व्हीआर’ असलेली एक आणि नसलेली एक, दिसायला जुळी. ही दोन अक्षरं म्हणजेच ते हात सावरणारं स्थिरीकरण. ३०० मिलिमीटरला ती नसली, तर भिगवणच्या जलाशयात हलत्या होडीतून रोहित पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याला फार वेगवान शटर ठेवावं लागतं आणि ढगाळ सकाळी तेवढा प्रकाश नसतो. शिवाय ‘एएफ-पी’ लेन्स डी३१००, डी९० किंवा डी७०००सारख्या जुन्या बॉड्यांवर फोकसच करत नाहीत. जुन्या बॉडीवर नवी लेन्स लावणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेलं बरं.

मुंबईत हा सगळा माल बघायचा, तर फोर्टातली बोरा बाजारची गल्ली. सीएसएमटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, दुकानाला दुकान लागून. भाव विचारला की पहिला प्रतिप्रश्न येतो, बिलाने हवा की बिलाशिवाय. डिसेंबर २०१८च्या बैठकीत जीएसटी परिषदेने डिजिटल कॅमेऱ्यांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८वर आणायचं ठरवलं, तेव्हा हा मोह थोडा कमी झाला, संपला नाही. बिलाशिवायचा माल बऱ्याचदा ‘ग्रे’ असतो. म्हणजे कॅमेरा अस्सल, पण भारतातल्या अधिकृत वाटेने न आलेला. तो ओळखायची एक सोपी खूण पुढच्या बाजूलाच छापलेली असते. कॅननचा जो कॅमेरा आपल्याकडे १५००डी म्हणून विकला जातो, तोच युरोपात २०००डी, अमेरिकेत रेबेल टी७ आणि जपानात किस एक्स९०. काउंटरवर ‘रेबेल’ लिहिलेला कॅमेरा आला, तर तो अमेरिकेची वाट धरून आला आहे. त्याची भारतातली वॉरंटी धरून चालू नये. खोक्यावरचा, बॉडीवरचा आणि बिलावरचा सीरियल नंबर एकच असल्याची खात्री दुकानातच करावी.

वापरलेला कॅमेरा घ्यायला जाणाऱ्याने सोबत दोन वस्तू न्याव्यात. एक कोरा पांढरा कागद आणि एक मोबाइलचा टॉर्च.

कागद लेन्ससमोर धरायचा, एफ/१६ किंवा त्याहून बारीक छिद्र ठेवायचं, फोकस मुद्दाम बिघडवायचा आणि एक फोटो काढायचा. पडद्यावर तो मोठा करून कोपऱ्याकोपऱ्यांतून फिरायचं. काळे, मऊ कडांचे ठिपके दिसले तर ती सेन्सरवरची धूळ. ती साफ होते. टोकदार ओरखडा दिसला, तर तो साफ होत नाही, मग नमस्कार करून निघावं. टॉर्च लेन्सच्या मागच्या बाजूने मारायचा आणि पुढून तिरकं पाहायचं. धुळीचे चार कण प्रत्येक लेन्समध्ये असतात, त्यांना घाबरू नये. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे एका बिंदूपासून पसरलेले दिसले, तर ती बुरशी. विकणारा म्हणतो, ‘फोटोत नाही येत ते, साहेब.’ आज खरंच येत नाही.

शटर किती वेळा उघडलं हेही पाहावं. निकॉनच्या मूळ फोटोफाइलमध्येच हा आकडा लिहिलेला असतो. ती फाइल मागून घेतली की संगणकावर तो वाचता येतो. कॅननचे स्वस्त कॅमेरे तो फाइलमध्ये लिहीत नाहीत, केबल लावून सॉफ्टवेअरने काढावा लागतो. निकॉनने डी३३००चं शटर एक लाख वेळा तपासलेलं आहे, डी७०००चं दीड लाख. लग्नाच्या एका मोसमात कामाचा फोटोग्राफर सहज वीस-तीस हजार फोटो काढतो. याउलट, बाळाच्या बारशाला घेतलेला आणि बाळ शाळेत जाईपर्यंत कपाटात पडलेला कॅमेरा पाच हजारांच्या आतही सापडतो. असे कॅमेरे शोधण्यात मजा आहे. वापरलेल्या मालात डी७०००सारखा वरच्या वर्गातला कॅमेरा मिळाला तर उत्तम. त्यात फोकसची मोटर आहे, दोन चाकं आहेत, आणि मघाच्या त्या मुलाची पन्नासची डीवाली लेन्स त्यावर सुरळीत चालते.

यावर हमखास येणारा प्रश्न असा, की मुळात डीएसएलआर आता का घ्यावा? कंपन्यांचं लक्ष आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांकडे गेलं आहे. कॅननचे प्रमुख फुजिओ मितराई यांनी २०२१च्या अखेरीस सांगितलं, की वन-डीएक्स मार्क थ्री हाच त्यांचा शेवटचा सर्वोच्च डीएसएलआर. नव्या बॉड्यांची वाट पाहण्यात अर्थ नाही, हे खरं. पण याच कारणाने वापरलेल्या बाजारात चांगला माल येतो आहे, भाव उतरले आहेत. बॅटरीचा हिशेबही अजून आरशाच्याच बाजूने आहे. आरशातून बघायला वीज लागत नाही, त्यामुळे डी३५०० एका चार्जवर प्रमाणित चाचणीत १,५५० फोटो काढतो. मिररलेस वर्गातला कॅनन आर५० साडेतीनशे-चारशेच्या आसपास थांबतो. वारीत दिवे घाटात सकाळी सहाला उभा राहणारा माणूस हा फरक विसरत नाही. कॅननच्या आजच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स उद्या अडॅप्टर लावून मिररलेसवर व्यवस्थित चालतात, म्हणजे लेन्सवर घातलेला पैसा वाया जात नाही.

वारी म्हटलं की पाऊस आला, आणि इथे आणखी एक वजाबाकी आठवते. या वर्गातल्या कॅनन-निकॉनच्या कॅमेऱ्यांना पाण्यापासून संरक्षण देणारं सीलिंग नसतं. पेन्टॅक्सच्या के-७०ला ते आहे, पण त्याच्या लेन्स आणि दुरुस्ती आपल्याकडे सहजी मिळत नाहीत. बाकीच्यांनी प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड जवळ ठेवावा.

पावसापेक्षा पावसानंतरची दमट हवा जास्त घातक. कोकणात जून ते सप्टेंबर कपाटात, चामड्याच्या केसमध्ये, बंद ठेवलेली लेन्स हे बुरशीचं माहेरघर. कोरडी हवा राखणारी विजेची कपाटं मिळतात, पण ज्याने पै-पै जोडून कॅमेरा घेतला त्याला डब्याचा उपाय पुरतो. स्वयंपाकघरातला रबरी कडेचा, घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, आत सुती फडक्यात बांधलेली सिलिका जेलची पुरचुंडी. शेजारी वीस-पंचवीस रुपयांच्या डांबरगोळ्या ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये, त्यांची वाफ काचेवर आणि रबरावर बसते. सिलिकाचे निळे दाणे ओल शोषत गुलाबी होत जातात. पूर्ण गुलाबी झाले की मंद आचेवर जुन्या तव्यात परतले, की पुन्हा निळे. त्या निळ्या रंगात कोबाल्टचं संयुग असतं, म्हणून खिडकी उघडी ठेवावी, आणि तो तवा पुन्हा पोळ्यांना वापरू नये.